नवं गाव कुणी आखलं? (परिसर अभ्यास, इयत्ता 4 थी व 5 वी)



आपल्या धाराशिव जिल्ह्यात, लोहारा-उमरगा भागातल्या बऱ्याच गावांना दोन नकाशे आहेत. जुन्या गावाचा नकाशा आजी-आजोबांच्या डोक्यात आहे. नव्या गावाचा नकाशा मुलं रोज पायाखाली घालतात. हे दोन नकाशे शेजारी ठेवले की नागरिकशास्त्राचा धडा आपोआप उभा राहतो.

काय घडलं?
30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. तेरणा खोऱ्यातली किल्लारी, सास्तूर अशी गावं कोसळली. सुमारे 8 हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, म्हणून हानी एवढी मोठी झाली. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं नव्या जागी वसवली. घर मिळालं ते जमिनीच्या हिशोबाने: 250, 400 किंवा 750 चौरस फूट.

लोकांना विचारलं का?
विचारलं. जागा, याद्या, घरवाटप यांसाठी गावात सभा झाल्या. अनेकांनी स्वतःच ‘जुन्या जागी नको’ म्हटलं. ज्या ढिगाऱ्याखाली आपली माणसं गेली, तिथे पुन्हा झोप कशी लागणार? पण भीतीच्या दिवसांत दिलेलं उत्तर आणि दहा वर्षांनी लागणारी गरज सारखी नसते. सरळ रेषेतल्या रांगा आणि रुंद रस्ते आले, घरं लांब लांब गेली. घराच्या आकारानुसार रांगा पडल्या, तशी भाऊबंदकी आणि शेजार विखुरला. कडबा, बैल, ज्वारीची साठवण यांना जागा अपुरी पडली. मग लोकांनीच पत्रे टाकले, भिंती वाढवल्या.

याच कार्यक्रमात दुसरी वाटही होती. 13 जिल्ह्यांतली लाखाहून जास्त घरं जागेवरच दुरुस्त व मजबूत करायची होती. तिथे पैसा घरमालकाच्या हाती आला आणि गावातल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. त्या घरोघरी माहिती पोचवायच्या, अडचणी वर कळवायच्या. आपलं घर आपणच बांधून घेतल्यामुळे मजबुतीचं तंत्रही गावात राहिलं.

वर्गातला उपक्रम
1. मुलांनी आजी-आजोबांना विचारून जुन्या गावाचा नकाशा काढावा: पार, आड, नदीची वाट, गल्ल्या.
2. दुसऱ्या कागदावर आजचं गाव काढावं.
3. गट करून भूमिका द्याव्यात: एकटी राहणारी आजी, शेतमजूर, गुरं पाळणारा, चालता न येणारे आजोबा, शाळेत जाणारी मुलगी. प्रत्येकाने नव्या गावात एक बदल मागावा.
4. लुटुपुटूची ग्रामसभा भरवावी. आधी मुलींची वेगळी सभा घ्या, कारण कायद्यानेही ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते.

एक काळजी घ्या. ज्या घरात माणसं गेली, तिथे आजी बोलायला तयार नसेल तर मुलांनी आग्रह धरू नये.

पालकांसाठी
26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी गावात ग्रामसभा असते. एकदा मुलाला सोबत न्या. रस्ता, नाली, तळ्याकाठची जागा, घरकुलाची यादी, सगळं तिथेच ठरतं. आपण गेलो नाही तरी ते ठरतंच. फक्त आपल्याला न विचारता ठरतं.

मुलांनी काढलेले नकाशे जपून ठेवा. जुनं गाव पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत.