मोरीवरचा माणूस

भंडारदऱ्याचे धरण आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल. १९२६ साली पुरे झालेल्या या धरणात प्रवरामाई अडविलेली आहे. ती पुढे अकोले, संगमनेर करीत नेवाशास जाते. तेथेच माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. आता समजा, धरणाच्या मोरीवरचा माणूस म्हणू लागला, 'चावी माझ्या हाती, म्हणून पाणी माझे,' तर खालचा शेतकरी काय म्हणेल? 'बाबा, तू सोडणारा, धनी नव्हेस!' आजचा पाठ एवढाच आहे.

हल्ली पावसाच्या तोंडावर काजवे पाहावयास भंडारदऱ्याला माणसांची रीघ लागते. मोबाईलवर लाखो लोक ज्यांचे ऐकतात, ते 'इन्फ्लुएन्सर'ही येतात. स्वकमाईने ते कोठे उतरले, काय ल्याले, हा त्यांचा प्रश्न. पण समजा, त्यांतला एखादा सकाळी म्हणाला, 'इथल्या आदिवासी लेकरांच्या शाळेला मदत पाठवा,' आणि संध्याकाळी तळ्याकाठच्या महागड्या तंबूतली मेजवानी दाखवू लागला, तर? दहा रुपये पाठविणारी म्हातारी विचारणारच, 'हे माझ्या पैशाचं तर नव्हं ना रे?' याला मत्सर म्हणू नये. पैसा तिने लेकरांना दिला. पण दिला तो ह्याच्या तोंडाकडे पाहून.

ही शंका पोकळ नाही. ऑस्ट्रेलियात बेल गिब्सन नावाच्या बाईने आपल्याला मेंदूचा कर्करोग असल्याचे खोटेच सांगून नाव मिळविले, आणि विक्रीतला वाटा धर्मादाय संस्थांना देण्याचे जाहीर केले. बहुतेक पैसा पोचलाच नाही. २०१७ साली न्यायालयाने तिला ४,१०,००० डॉलर दंड केला. तो थकलेला असतानाही कपडे, प्रवास यांवर तिचा खर्च चालूच होता, हे पुढे न्यायालयासमोर आले.

उलट आपले गाडगेबाबा पाहा. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे त्यांनी लोकांच्या पैशाने धर्मशाळा उभारल्या. स्वतःच्या अंगावर चिंध्या, हाती गाडगे, पोटाला मागितलेली भाकरी! पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बाबा १९५६ साली गेले. पण त्यांच्या नावावर लोक अजून डोळे मिटून देतात.

मग काय सर्वांनी चिंध्या पांघराव्यात? तसे नव्हे. दोन थैल्या वेगळ्या असाव्यात, एवढेच. संस्थेकडून मानधन, प्रवास वा मुक्काम घेतला असेल तर तो उघड सांगावा. किती जमले, कोठे गेले, हेही दाखवावे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने संस्थांना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि हिशेबतपासणी लावून दिली आहे. पण कायदा वही पाहतो. लोक राहणी पाहतात. आणि जो दुसऱ्याच्या नावाने हात पसरतो, त्याने निदान मागण्याच्या दिवसांत तरी थाट आवरावा. ज्याच्यासाठी मागतो त्याचे तोंड आठवावे, म्हणजे घास आपोआप लहान होतो.

आणि बाबांनो, नुसते दुसऱ्याकडे बोट नको. आपल्या दिंडीची भिशी कोणाकडे असते? पंगतीच्या तांदळातला एक मापटा घरी गेला, तर तो चोरच. मग तो मोबाईलवाला असो की माळकरी असो. म्हणून यंदा वारीहून परतल्यावर दिंडीची वही सर्वांसमोर वाचावी. विचारणाऱ्यावर रागावू नये. मोरी उघडी दिसली, की खालच्या शेतकऱ्याचा जीव आपसूक थंड होतो.