जामीनकतबा: मयताच्या पैशासाठी हमी कोण देणार?



घरचा कर्ता माणूस गेला की पहिले काही दिवस मंडळी धावून येते. डबे येतात, प्रार्थना होतात, दफनाचा खर्चही कोणीतरी उचलतो. दुसरी अडचण दोन-तीन महिन्यांनी उभी राहते. बँकेत पैसे आहेत, पण त्यांना हात लावता येत नाही. वारसा प्रमाणपत्रासाठी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात अर्ज केला, तर तिथेही विचारणा होऊ शकते: ‘जामीन कोण राहणार?’

हा जामीन फौजदारी खटल्यातला नव्हे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 याच्या कलम 375 प्रमाणे, मयताचे येणे वसूल करण्याचा अधिकार ज्याला मिळतो त्याच्याकडून न्यायाधीश बंधपत्र मागू शकतात. मिळालेल्या पैशाचा हिशेब देईन आणि इतर कोणाचा हक्क निघाला तर त्याचे नुकसान भरून देईन, असे त्यात लिहून द्यायचे असते. सोबत एक किंवा अधिक जामीनदार किंवा दुसरे पुरेसे तारण लागते. जुन्या कागदांत याला जामीनकतबा म्हणत. सगळ्या मिळकतीच्या कारभारासाठी न्यायालयाकडून व्यवस्थापनपत्र घेतले, तर कलम 291 प्रमाणे बंधपत्र आणि जामीनदार द्यावेच लागतात.

पुष्कळ विधवा भगिनींना हा आपल्यावरचा अविश्वास वाटतो. तसे नाही. समजा, एका ख्रिस्ती कामगाराची सहकारी बँकेत 6 लाखांची ठेव आहे, वारसाचे नाव लावलेले नाही, मागे पत्नी आणि दोन लहान मुले आहेत. मृत्युपत्र नसेल तर कायद्याने पत्नीला एक तृतीयांश, म्हणजे 2 लाख मिळतात. उरलेले 4 लाख मुलांचे, आणि मुलगा-मुलगी हा भेद त्यात नाही. सही आईची असली तरी दोन तृतीयांश रक्कम अशा वारसांची आहे, ज्यांना अजून कोर्टात उभे राहून बोलता येत नाही. जामीन त्यांच्यासाठी आहे.

आदिवासी कुटुंबाची गाठ याहून अवघड. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 हा केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाही, असे त्याच्या कलम 2(2) मध्ये आहे. त्यामुळे ख्रिस्ती नसलेल्या आदिवासी घरात वारस कोण, हे बहुधा जमातीच्या रूढीवरून ठरवावे लागते, आणि रूढी कागदावर नसते. वारसाचा प्रश्न फार गुंतागुंतीचा वाटला, तर वरवर पाहता ज्याचा हक्क सर्वांत बळकट दिसतो त्याला न्यायाधीश प्रमाणपत्र देऊ शकतात. पण अशा वेळी जामीन घेणे त्यांना बंधनकारक आहे; एरवी ते त्यांच्या मर्जीवर असते. म्हणजे ज्या घराला जामीनदार मिळणे कठीण, त्याच घराकडे तो हमखास मागितला जाण्याचा संभव. भाऊबंदांची जमीन दाखवावी, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ मुळे ती परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. हे संरक्षण हवेच, पण तारण म्हणून अशा जमिनीचे वजन कमी पडते.

(ज्या इंग्लंडकडून आपण ही पद्धत घेतली, तिथे व्यवस्थापनाची बंधपत्रे 1971 च्या कायद्याने बंद झाली. आपल्याकडे ती चालू आहेत.)

मग जामीन कोणी राहावे? नीतिसूत्रांत जामीन राहण्याविषयी वारंवार इशारा आहे, आणि तो आपण सहसा नको म्हणण्यासाठी वापरतो. पण बन्यामिनासाठी याकोबापुढे जामीन राहिलेला यहूदाही त्याच पवित्र शास्त्रात आहे. यहूदाला आपण कोणासाठी आणि कशासाठी बांधले जात आहोत हे पुरते ठाऊक होते. मंडळीतील पगारदार किंवा जमीनदार सभासदाने तेवढेच पाहावे. बंधपत्राची रक्कम वाचावी. आपली जबाबदारी त्या आकड्यापर्यंत असते. वारसांची पूर्ण यादी मागावी. दूर गेलेली लेक किंवा पहिल्या लग्नाचे मूल यादीतून गळाले असेल, तर पुढे तेच न्यायालयात येईल. न्यायाधीश बंधपत्र त्याच्या नावे करून देऊ शकतात आणि मग दावा जामीनदारावरही होतो. मुलांचा वाटा मुलांच्याच नावे ठेवला का, त्याची पावती पाहावी. व्यवस्थापनपत्र असेल तर सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब न्यायालयात द्यायचा असतो. त्यांच्या प्रती मागून घ्याव्यात. सज्ञान वारसांची लेखी संमती आधीच जोडली, तर न्यायाधीश जामिनाचा आग्रह न धरण्याची शक्यता वाढते. वकिलाला तसा विनंती अर्ज करायला सांगावे.

सगळ्यांनाच मात्र कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. सात-बारावरची वारस नोंद तलाठ्याकडे होते. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनुसार, नामनिर्देशन नसले आणि वाद नसला, तर सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत व इतर बँकांत 15 लाखांपर्यंतच्या दाव्याला वारसा प्रमाणपत्राची सक्ती नाही. वरच्या उदाहरणातले कुटुंब अडले ते या मर्यादेपलीकडच्या 1 लाखामुळे.

आणि नामनिर्देशन असेल, तर रक्कम कितीही असो, बँकेने त्या व्यक्तीकडे वारसा प्रमाणपत्र किंवा जामीन मागायचा नाही. ती व्यक्ती मालक होत नाही, वारसांसाठी पैसे स्वीकारते, एवढे लक्षात ठेवावे. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीसाठी चार जणांपर्यंत नावे देता येतात. अर्ज शाखेतच मिळतो. वस्तीवर भेटीला जाल तेव्हा पासबुक मागून पाहा, नामनिर्देशनाची नोंद आहे की नाही.