अर्डुइनो उनो : शाळेच्या बाकावरील सूक्ष्म नियंत्रक

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नरडाणा हे धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्याचे गाव. मुंबई-आग्रा महामार्ग व औद्योगिक वसाहत यांमुळे कारखान्यांतील स्वयंचलित यंत्रे गावाच्या परिचयाची आहेत. शिवारात मात्र पाण्याचा निर्णय शेतकरी मातीचे ढेकूळ हातात चुरूनच घेतो. पावसाने ओढ दिली की हा निर्णय फार मोलाचा ठरतो. या अनुभवाला शालेय प्रयोगाची जोड कशी देता येईल, याचा विचार येथे केला आहे.

बोर्डाची ओळख

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चकतीत सामावलेला लहानसा संगणक. २००५ साली इटलीतील इव्रिया येथे विद्यार्थ्यांना सहज हाताळता यावा, या हेतूने अर्डुइनो बोर्ड तयार झाला. त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला असल्याने इतर उत्पादकही तसे बोर्ड तयार करतात. 'उनो' हा प्रकार २०१० मध्ये आला.

उनो आर-३ या बोर्डावर एटमेगा ३२८-पी ही चकती असते. ती ५ व्होल्टवर चालते आणि तिचा ठेका सेकंदाला १ कोटी ६० लाख असतो. आज्ञावलीसाठी ३२ किलोबाइट स्मृती असून वीज गेली तरी ती पुसली जात नाही. चालू कामाची २ किलोबाइट स्मृती मात्र पुसली जाते. 'आहे-नाही' अशा संकेतांसाठी १४ टोके आहेत. त्यांपैकी ६ टोकांवरून दिव्याचा प्रकाश कमीजास्त करता येतो. आणखी ६ टोके बदलता दाब मोजून तो ० ते १०२३ या अंकांत सांगतात. आज्ञावली संगणकावर लिहून यूएसबी तारेने बोर्डात भरावयाची असते.

मातीचा पाठ

ओलावा मोजणारा संवेदक यांपैकी एका मोजणाऱ्या टोकास जोडावा. तीन डब्यांत एकाच शेतातील माती घ्यावी : एकीत वाळवलेली, दुसरीत ओलसर, तिसरीत पूर्ण भिजवलेली. प्रत्येकीचा अंक वहीत नोंदवावा. त्यानंतर अनुभवी शेतकऱ्यास बोलावून, 'वाफसा आला' असे तो ज्या क्षणी म्हणेल त्या क्षणीचा अंक टिपावा. पाठाचे मर्म येथे आहे. बोर्डाला अंक कळतो, वाफसा कळत नाही. अंकाला अर्थ शेतकऱ्याच्या ज्ञानातून मिळतो. काळ्या मातीत मिळालेला अंक मुरमाड जमिनीस लागू पडत नाही, म्हणून दोहोंची नोंद स्वतंत्र ठेवावी.

दोन उघड्या टोकांचा साधा संवेदक सतत वीज दिल्यास लवकर गंजतो आणि अंक चुकू लागतात. यास्तव मोजमापापुरतीच वीज द्यावी.

मर्यादा व दक्षता

एका टोकातून सुमारे २० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावा. तेवढ्याने लहान दिवा लागतो, पंप चालत नाही. घरातील २३० व्होल्ट किंवा पंपाची तीन फेजची वीज बोर्डास कधीही जोडू नये. विद्यार्थ्यांनी दिवा लावून इशारा देण्यापर्यंतच थांबावे. पुढील जोडणी परवानाधारक तारतंत्रीचे काम आहे.

शाळा व पंचायत

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू केल्या. जेथे त्या आहेत, तेथील साहित्य केवळ तपासणीच्या दिवशी कपाटाबाहेर येऊ नये. जेथे नाहीत, तेथे एक बोर्ड, एक संवेदक आणि एक वही एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.

मुख्याध्यापकांनी आठवड्याचे दोन तास राखून ठेवावेत. पंचायत सदस्यांनी आपल्या शेतातील माती आणून द्यावी आणि वर्षअखेरीस नोंदवही ग्रामसभेपुढे ठेवावी. पुढील पावसाळ्यात पाऊस लांबला, तर पाणी केव्हा द्यावे या चर्चेत गावाजवळ स्वतःच्या मातीचा, स्वतःच्या मुलांनी मोजलेला आधार असेल.