मुळी काढणारे नाथ



मागच्या आठवड्यात मी फॅमिली ग्रुपवर 'ज्ञानेश्वरीतली ओवी' म्हणून एक फोटो टाकला. संध्याकाळी ईटहून आजोबांचा फोन. "बाळा, ही ओवी कोणत्या अध्यायातली? मला पोथीत घावंना." रात्री मी पण शोधली. नव्हतीच! एका रीलवर दिसली, आवडली आणि न तपासता मी पुढे ढकलली होती.

म्हणून आजचं चिंतन आळंदीच्या समाधीवर.

माउलींनी शके १२१८ (इ.स. १२९६) मध्ये संजीवन समाधी घेतली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी काय झालं, ते संत एकनाथ स्वतःच एका अभंगात सांगतात. ज्ञानदेव स्वप्नात आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, आळंदीला येऊन ती काढ. नाथ पैठणहून आळंदीला आले, त्यांनी समाधीचं द्वार शोधलं. वारकरी परंपरा यालाच समाधीचा जीर्णोद्धार मानते. विसरत चाललेली जागा भाविकांसाठी पुन्हा खुली झाली.

यात लक्षात घ्या, माउलींनी नवं काही बांधायला सांगितलं नाही. वाढलेलं तेवढं काढायला सांगितलं.

नाथांनी हेच ग्रंथाच्या बाबतीतही केलं. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. हाताने नकला होत होत तिच्यात पाठभेद शिरले होते. नाथांनी प्रती ताडून शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी बजावलं की यात कुणी स्वतःच्या ओव्या घालू नयेत. एकनाथी भागवत लिहिणारा माणूस हे सांगतोय! ओवी रचणं त्यांना काय अवघड होतं?

ऑफिसात जुना कोड हातात आला की मला सगळं नव्याने लिहायची खाज सुटते. मूळ लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते समजून घेऊन फक्त कचरा काढायचा, याला जास्त धीर लागतो. आणि अहंकार बाजूला ठेवावा लागतो.

आपण तरुण मंडळी माउलींना बहुतेक मोबाईलवरच भेटतो. तिथली मुळी आपणच वाढवतोय. खोटी ओवी गोड असली तरी माउलींची नाही.

आजचा नेम:
१. अध्याय आणि ओवी क्रमांक पाहिल्याशिवाय काही फॉरवर्ड करायचं नाही.
२. अर्थ सांगणारा व्हिडिओ नंतर, आधी मूळ ओवी मोठ्याने वाचायची.

मी ग्रुपवर चूक कबूल केली. आजोबा एवढंच म्हणाले, "आता खरी एक पाठव."

तीच शोधतोय. पोथी उघडून.

माउली माउली!