मेंतावाईचा लाटांचा हंगाम: लॉजचं भाडं आणि खरा खर्च

इंडोनेशियातल्या मेंतावाई बेटांवर सर्फिंगला निघालेला माणूस आधी लॉजचा एका रात्रीचा दर बघतो. त्याला दिवसांनी गुणतो, त्यात विमानाचं तिकीट मिळवतो आणि बजेट झालं म्हणून मोकळा होतो. हा हिशोब हमखास चुकतो. तिथे राहण्या-जेवण्याला फार पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते लाटेपर्यंत पोहोचायला, आणि चांगली लाट येईपर्यंत थांबायला.

सुमात्राच्या पश्चिमेला, विषुववृत्ताच्या थोडं खाली ही बेटं आहेत. सिबेरुत, सिपोरा, उत्तर पागाई आणि दक्षिण पागाई ही त्यातली चार मोठी. दक्षिण महासागरातल्या वादळांनी उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर येऊन इथल्या प्रवाळावर फुटतात. हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. जून ते ऑगस्टमध्ये लाटा सर्वांत मोठ्या, गर्दी सर्वांत जास्त आणि दरही चढे. ज्याला रजेची अडचण नाही त्याने मे किंवा सप्टेंबर निवडावा. लाटा तेव्हाही भरपूर असतात आणि भाड्यात घासाघीस करायला वाव मिळतो.

पुढचे आकडे ढोबळ आहेत आणि एक लाख रुपिया म्हणजे साधारण ५३५ भारतीय रुपये असं धरलं आहे.

पोहोचेपर्यंत

मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून पडांग हा सोयीचा मार्ग. बोर्डाच्या बॅगेचं भाडं धरून जाऊन-येऊन ४५ ते ५५ हजार रुपये ठेवा. बोर्डाचं सामान तिकीट काढतानाच नोंदवा, विमानतळावर ते कितीतरी महाग पडतं. दोन वेगळी तिकिटं काढणार असाल तर मलेशियाच्या प्रवेशाचे त्या वेळचे नियम पाहून घ्या, कारण मधे सामान घेऊन बाहेर पडावं लागतं.

पडांगहून सिपोरावरच्या तुआपेजातला जलद फेरीबोट साडेतीन-चार तासांत नेते. तिकीट तीन-चार लाख रुपिया, बोर्डाचे वेगळे. रात्रभर चालणारी संथ फेरी स्वस्त आहे. दोन्ही रोज सुटतात असं नाही आणि समुद्र खवळला की रद्द होतात, म्हणून जाताना आणि येताना पडांगमध्ये एकेक रात्र राखून ठेवा. परतीचं विमान फेरीच्याच दिवशी ठेवणं म्हणजे तिकिटावर पाणी सोडणं.

बोट आणि पेट्रोल

खरा खर्च इथे आहे. घरगुती मुक्काम तिन्ही वेळच्या जेवणासह रात्री तीन ते सहा लाख रुपियांत मिळतो. मधल्या दर्जाचे सर्फ कॅम्प १०० ते २०० डॉलर, तर रिसॉर्ट ३०० डॉलरच्या पुढे. या दरांची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण रिसॉर्टच्या दरात बहुधा रोजच्या बोटफेऱ्या धरलेल्या असतात आणि घरगुती मुक्कामाच्या दरात क्वचितच. पेट्रोल बेटावर बोटीनेच येतं, त्यामुळे मुख्य भूमीपेक्षा ते महागच. एकट्याने अख्खी बोट घेतली तर एका दिवसाचं भाडं दोन-तीन रात्रींच्या मुक्कामाला मागे टाकतं. चौघे वाटून घेणारे असले तर माणशी दोन-तीन लाख रुपियांत भागतं. एकट्याने जाणाऱ्याने म्हणूनच खोलीच्या आधी सोबत शोधावी.

जागेची निवड हीदेखील पैशाचीच बाब. सिपोराच्या दक्षिण टोकावरच्या काटिएत गावासमोरच ‘लान्सेस राइट’ ही लाट फुटते. लान्स नाइट हा ऑस्ट्रेलियन १९९१ साली इथे सर्फ करून गेला, त्याच्यावरून हे नाव पडलं. इथे राहिलात तर बोर्ड काखेत मारून चालत जाता येतं, बोटीचा खर्च जवळपास शून्य. पण दहा-दहा दिवसांच्या सहलींवर निघालेल्या बोटीही इथेच नांगर टाकतात, आणि एका लाटेवर जगातले पट्टीचे सर्फर टपून बसलेले असतात. उलट सिबेरुतच्या दक्षिणेकडच्या ‘प्लेग्राउंड्स’ भागात छोट्या बेटांभोवती कितीतरी लाटा आहेत. वारा फिरला तर दुसऱ्या बाजूला जाता येतं. मात्र त्यासाठी बोट हवीच. बेताची तयारी असलेल्याने प्लेग्राउंड्स घ्यावं. काटिएतला स्वस्तात राहून दिवसभर किनाऱ्यावरून दुसऱ्यांचं कौशल्य बघत बसण्यात काय हशील?

सरकारी देणी

भारतीयांना इंडोनेशियात पोहोचल्यावर ३० दिवसांचा व्हिसा पाच लाख रुपियांत मिळतो आणि तो एकदाच आणखी ३० दिवसांनी वाढवता येतो. मुदतवाढीचे आणखी पाच लाख, शिवाय इमिग्रेशन कार्यालयासाठी पडांगची फेरी आणि त्यात जाणारे दोन-तीन दिवस. मुदत उलटली तर दिवसाला दहा लाख रुपिया दंड आहे. फेरी रद्द झाली ही सबब चालेल असं धरून चालू नका.

याखेरीज मेंतावाई जिल्ह्याचा सर्फिंग कर आहे. २०१६ मध्ये तो १५ दिवसांपर्यंत दहा लाख रुपिया होता, आता लॉजवाले वीस लाख सांगतात. महिना राहणाऱ्याला तो दोनदा भरावा लागतो. पावती जपून ठेवा.

एक नमुना हिशोब

मे महिना, एकटा माणूस, घरगुती मुक्काम, २६ रात्री. विमान ५० हजार, व्हिसा २,७००, पडांगचा मुक्काम व टॅक्सी सहा हजार, फेरी पाच हजार. बेटावर पाच लाख रुपियाप्रमाणे राहणं-खाणं ७० हजार. सर्फिंग कर २१ हजार. पंधरा दिवस वाटून घेतलेली बोट २० हजार. विमा सात हजार. फुटलेला बोर्ड, तुटलेले लीश आणि फिन यांसाठी १५ हजार बाजूला. बेरीज दोन लाखांच्या किंचित खाली येते; सव्वादोन लाख हाताशी असावेत. ३५० डॉलरच्या रिसॉर्टमध्ये दहा रात्रींचं नुसतं राहणंच तीन लाखांच्या वर जातं. जवळपास अर्धा हंगाम, म्हणजे तीन महिने राहायचं तर मधे नव्या व्हिसासाठी क्वालालंपूरची एक वारी धरून सव्वापाच ते साडेपाच लाख लागतील.

रोकड पडांगमध्येच काढा. सर्वांत मोठी नोट एक लाख रुपियांची, त्यामुळे पुडकं चांगलंच जाड होतं. कार्डावर बँकेचं विनिमय शुल्क किती लागतं ते आधी विचारा. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस (उगमापाशी वसूल होणारा कर) कापला जाईल; तो आयकर विवरणपत्रात दाखवून वळता करून घेता येतो.

विमा, औषधं, ताट

साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. सर्फिंगचा लेखी उल्लेख आणि बेटावरून हलवण्याचा खर्च, हे दोन्ही पॉलिसीत असल्याशिवाय हप्ता भरू नका. मोठी दुखापत झाली तर पडांग गाठावं लागतं. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारताना रोज उन्हात असणार हे सांगा, कारण डॉक्सिसायक्लिनने त्वचा लवकर भाजते. प्रवाळाचे ओरखडे लगेच स्वच्छ पाण्याने घासून धुवा, नाहीतर ते चिघळतात आणि पैसे भरलेले दिवस फुकट जातात. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये इथे त्सुनामीने चारशेहून अधिक बळी घेतले. जमीन हादरली की सामान न उचलता उंचावर जायचं.

शाकाहारी माणसाचं टेंपे, टोफू, भात आणि पालेभाजीवर भागतं, पण सांबल नावाच्या ठेच्यात बऱ्याचदा कोळंबीची पेस्ट असते. पडांगचं प्रसिद्ध रेंदांग बहुधा गोमांसाचं असतं. चटणी आणि मेतकूट सोबत न्या.

कोणी जाऊ नये, हेही सांगायला हवं. ज्याला डोक्याइतक्या लाटेवर स्वतःच्या बळावर उभं राहून वळता येत नाही, त्याने हे पैसे वाचवावेत. खाली वाळू नाही, प्रवाळ आहे. गोवा, मुळकी किंवा वर्कला इथे दोन हंगाम काढा, मग जा.

आणि आगाऊ रक्कम पाठवण्याआधी लॉजवाल्याकडून लेखी उत्तरं मागवा: रोज बोटीच्या फेऱ्या किती, एका बोटीत माणसं किती, पेट्रोल कोणाचं, तुआपेजातहून नेण्या-आणण्याचे पैसे वेगळे का, कर धरला आहे का, आणि फेरी रद्द झाली तर वाढीव रात्रीचं भाडं कोण देणार. टाळाटाळ करणाऱ्याला पैसे पाठवू नका. बेटांवर दुसरे लॉज आहेत.