फुलाचें चित्र : काय घ्यावें, काय वगळावें

गेल्या स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनांत तुम्हीं घेतलेलीं फुलांचीं छायाचित्रें मीं लक्षपूर्वक पाहिलीं. बहुतेकांत फूल ठीक मध्यभागीं, नखाएवढें. आणि मागें वाळत घातलेले कपडे, नळ, नाहींतर सूचनाफलक! आपण फूल पाहूं लागलों कीं भोंवतालचें सारें विसरतों. यंत्राला तसें विसरतां येत नाहीं. तें काम चित्र घेणारानें आधींच करावयाचें असतें.

कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) हे बर्लिन येथील कलाशाळेंत शिक्षक होते. वनस्पतींचे आकार शिष्यांस नीट दिसावे म्हणून स्वतः बनविलेल्या कॅमेऱ्यांनीं त्यांनीं तीस वर्षांहून अधिक काळ कळ्या, कोंब व देंठ यांचीं मोठालीं चित्रें घेतलीं. वनस्पति बहुधा रस्त्याकांठच्या, साध्या, मागें कोरा पांढरा, करडा वा काळा पुठ्ठा, उजेड सौम्य. १९२८ सालीं त्यांचें पुस्तक निघालें, तेव्हां या शिक्षकाचें नांव दूरवर झालें. त्या चित्रांत पाहण्यासारखें एकच असतें, म्हणून तें दिसतें.

आतां आपल्या दारची जास्वंद घ्या. अगदीं समोरून चित्र घेतल्यास केसरांचा लांब दांडा आपल्याकडेच रोखलेला असतो. त्याची लांबी कळत नाहीं. शिवाय टोंक स्पष्ट आलें तर पाकळ्या धूसर होतात. थोडें बाजूस या. दांडा व पाकळ्या जवळजवळ सारख्या अंतरावर येतील आणि दांड्याची ऐटदार वांकण दिसेल. ज्या बाजूस तो झुकला असेल त्या बाजूस चित्रांत मोकळी जागा अधिक ठेवावी; फूल चौकटीवर आपटल्यासारखें वाटूं नये. मग गुडघे टेंकून फुलाच्या उंचीवर या. (मळलेला गणवेश घरीं दिसल्यास पालकांनीं या एका कारणासाठीं क्षमा करावी.) दोन पावलें सरकतांच मागची भिंत जाऊन झाडाची सांवली येते. तेंही न साधल्यास मित्राला फुलामागें हातभर अंतरावर काळें कापड धरावयास सांगा. फूल मात्र तोडूं नका. सरकावयाचें तें आपण.

पांढऱ्या तगरीस दुपारचें ऊन सोसत नाहीं. तिच्या पाकळ्यांचा नुसता पांढरा डाग उमटतो. सकाळची वेळ किंवा पातळ ढग बरे; छत्रीची सांवलीही चालते. फोनच्या पडद्यावर फुलावर बोट टेंकून उजेड थोडा उतरवितां येतो, तो अवश्य उतरवावा.

जवळ जाण्यालाही मर्यादा आहे. मी शाळेंत असतांना आमच्या घरीं वडिलांचा जुना पेटीसारखा कॅमेरा होता. अशा कॅमेऱ्याचें भिंग पुढेंमागें होत नसे. आठ-दहा फुटांच्या आंतील वस्तु त्यांत धूसर येई. पाहण्याची खिडकी भिंगाहून निराळी असल्यामुळें जवळून जें दिसे तें जसेंच्या तसें चित्रांत येतही नसे. मला यांतील कांहींच ठाऊक नव्हतें. आईनें लावलेल्या मोगऱ्याजवळ वीतभर अंतरावर कॅमेरा नेऊन मीं बारा चित्रांची सबंध फीत संपविली. बाराही वेळां मोगरा धुक्यांत बुडाला; एका चित्रांत मागें दारांत उभी असलेली आई तेवढी स्पष्ट आली. पुढें तें घर विकलें, मोगराही गेला. तें चित्र मीं जपून ठेविलें आहे.

फोनमध्यें निराळ्या खिडकीची अडचण उरली नाहीं. पडद्यावर दिसतें तेंच बहुतांशीं उमटतें. परंतु अर्ध्या वितीहून जवळ नेल्यास पुष्कळशा साध्या फोनांनाही फूल नीट दिसत नाहीं. तेव्हां फूल स्पष्ट होईपर्यंत मागें यावें, श्वास रोखून चित्र घ्यावें आणि नको असलेल्या कडा नंतर कापाव्या. सुटींत एकाच फुलाचीं चारी बाजूंनीं चार चित्रें घ्या. त्यांतील एक निवडून वर्गांत आणा. उरलेलीं तीन कां वगळलीं तें मी विचारीन.