डेमोला भुलू नकोस गं

साहेबांनी टीमसाठी डिझाइनचं टूल निवडायचं काम तुझ्या गळ्यात मारलं, म्हणजे आता तू तुलनेची लांबलचक एक्सेल शीट करत बसणार. ओळखते ना मी तुला! कर खुशाल, साहेब लोकांना ती आवडते. फक्त निर्णय तिच्यावर सोडू नकोस.

सेल्सवाला आधी सांगेल, आमच्याकडे यूएमएलच्या सगळ्या आकृत्या आहेत. यूएमएल २.५ मध्ये त्या १४ प्रकारच्या आहेत, खरंय. पण तुम्ही काढणार क्लास, सिक्वेन्स, फार तर एखादी स्टेट. बाकीच्यांचे पैसे कशाला मोजायचे?

तू एवढंच बघ, की हे टूल नुसतं चित्र काढतं की मॉडेल सांभाळतं. ड्रॉ.आयओ किंवा व्हिजिओमध्ये तू ‘ग्राहक’ नावाचा चौकोन तीन आकृत्यांत काढलास, तर ते तीन वेगळे चौकोन. नाव बदललं की तिन्हीकडे जाऊन हातानं बदल. एंटरप्राइझ आर्किटेक्ट किंवा मोडेलिओमध्ये ‘ग्राहक’ एकच असतो, आकृत्यांत तो फक्त दिसतो. एकदा नाव बदललं की सगळीकडे बदलतं. म्हणून ट्रायल घेतलीस की त्यांचं गोजिरवाणं उदाहरण बाजूला ठेव आणि तुमचंच सगळ्यात गुंतागुंतीचं मॉड्यूल घाल. साडी दुकानाच्या दिव्याखाली सुंदरच दिसते, ती दारात उजेडात आणून बघायची असते. क्लासचं नाव बदल, एक मेथड काढून टाक, मग बघ काय काय मोडतं ते. कोडवरून आकृती काढायलाही सांग. बहुतेकदा बाणांचं जंजाळ येतं; ते निस्तरायला किती वेळ लागतो, ते लिहून ठेव.

मग बाहेर पडायची वाट तपास. एक्सएमआय एक्स्पोर्ट आहे असं सगळेच म्हणतात. एका टूलमधून काढून दुसऱ्यात घालून बघ: क्लास पोचतात, पण मांडणी पुष्कळदा विस्कटते. हे लायसन्स घेण्याआधी कळलेलं बरं.

प्लँटयूएमएल तुला आवडेल. आकृती साध्या मजकुरात लिहायची, त्यामुळे कोणी काय बदललं ते गिटमध्ये ओळीनिशी दिसतं. मर्मेडही तसंच, गिटहब २०२२पासून ते थेट दाखवतं. खोट एकच, चौकोन कुठे बसेल ते आपल्या हातात फारसं नसतं, आणि आकृती मोठी झाली की डोकं फिरतं. आणि हे नीट ऐक: क्लायंटचं डिझाइन प्लँटयूएमएलच्या ऑनलाइन सर्व्हरवर चिकटवू नकोस, तो मजकूर बाहेर जातो. आपल्याच मशीनवर चालव. जावा लागतं, काही आकृत्यांना ग्राफव्हिझही, पण तेवढा खटाटोप कर.

मशीनवरून आठवलं, तुमच्यातल्या निम्म्यांकडे मॅक आहेत ना? एंटरप्राइझ आर्किटेक्ट मुळात विंडोजचं, आणि डेस्कटॉप व्हिजिओ मॅकवर नाहीच. हे आधी विचार, नाहीतर खरेदीनंतर सगळे तुझ्याच नावानं खडे फोडतील.

माझं विचारशील तर सध्या प्लँटयूएमएल आणि जोडीला ड्रॉ.आयओची डेस्कटॉप आवृत्ती पुरे. दोन्ही फुकट आहेत. मॉडेल रोज ताजं ठेवायची जबाबदारी कोणी एकानं नावानिशी घेतली, तरच महागडं लायसन्स माग.